सांगलीत नाटक शिकायचंय? वय कुठलंही असू दे, सुरुवात अशी करा

५ नोव्हेंबर जवळ आला की सांगलीत नाटकाचं बोलणं वाढतं. रंगभूमी दिन असतो, विष्णुदास भावे गौरवपदक कुणाला मिळणार याची चर्चा होते, आणि मग ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, मला पण करायचंय हो नाटक, पण कुठं जाऊ, कुणाला विचारू, आणि आता या वयात जमंल का? हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. मग ती आठवीतल्या पोराची आई असू दे, बँकेत दिवसभर काउंटरवर बसणारा असू दे, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगनंतर परत कधी स्टेजवर न चढलेल्या साठीच्या काकू असू देत.

आधी एक गोष्ट डोक्यातनं काढून टाका, की नाटक शिकणं म्हणजे स्टेजवर उभं राहून डायलॉग म्हणणं. ते लोकांना दिसतं एवढंच. ऐकणं, मोठ्यानं वाचणं, समोरच्याकडं नीट बघणं, अंधारात योग्य वस्तू योग्य माणसाच्या हातात देणं, हे सगळं आधी येतं आणि याला वयाची अट नाही. उलट हौशी ग्रुपना मोठ्या वयाची माणसं मिळतच नाहीत. मग विशीतल्या पोराच्या केसांना पांढरं लावायचं, हातात काठी द्यायची आणि आजोबा उभा करायचा, आणि तो दोन पावलं चालला की बघणाऱ्याला कळतं याचे गुडघे कधी दुखलेलेच नाहीत. खरे आजोबा तालमीला आले तर दिग्दर्शकाला केवढा आनंद होईल सांगू.

पहिल्यांदा नुसतं बघा, पण जरा वेगळं बघा

आपल्याकडं भावे नाट्यमंदिर आहे, मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह आहे. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर येतात ती बघाच, पण शिकायला खरी मजा हौशी राज्य नाट्य स्पर्धेत आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा, सांगली केंद्रावर तिची प्राथमिक फेरी होते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. रोज वेगळं नाटक, वेगळा ग्रुप, तिकीट अगदी नाममात्र. ओळीनं चार-पाच दिवस जाऊन बसलात तर एखादं नाटक का पकडतं आणि एखादं पहिल्या पंधरा मिनिटांत का सुटतं हे आपोआप कळायला लागतं, कुणी शिकवायची गरज नाही.

बघताना एक करा. जो बोलतोय त्याच्याकडं बघू नका. जो गप्प आहे त्याच्याकडं बघा. समोरचा बोलत असताना हा खरंच ऐकतोय, का आपली ओळ कधी येते याची वाट बघतोय? चांगला नट गप्प असताना ओळखू येतो. आणि शक्य असेल तर एकच नाटक दोनदा बघा, दुसऱ्यांदा गोष्ट माहीत असते त्यामुळं लाइट कधी बदलला, खुर्ची कुणी हलवली, गाणं कुठं सुरू झालं याच्याकडं लक्ष जातं.

मग पाच-सहा जण जमवा आणि मोठ्यानं वाचा

याला काहीच लागत नाही. सोसायटीचा हॉल, कुणाची गच्ची, रविवारची सकाळ. लायब्ररीतनं एक नाटक आणा (२०१९ च्या पुरात नगरवाचनालयाची कितीतरी पुस्तकं गेली तरी वाचनालय परत उभं राहिलं, तिथं मेंबर व्हा, नाटकं घरी आणा, त्यांनाही बरं वाटंल), भूमिका वाटून घ्या आणि बसून वाचा. वाटताना वय बघू नका. दहावीतल्या मुलीला सासूबाईचं काम द्या, आजोबांना कॉलेजच्या पोराचं. पहिल्या वाचनात सगळे अडखळतात, अडखळू दे. अभिनय करायचा नाही, आवाज काढायचे नाहीत, नुसतं समोरच्याला सांगितल्यासारखं वाचायचं. कंसातल्या सूचना पण एकानं वाचायच्या, म्हणजे दार कुठं आहे, कोण आत आलं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतं.

अशी दोन-तीन नाटकं वाचून झाली की त्यातलाच अर्ध्या तासाचा भाग घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अभिवाचन करा. हातात कागद असतो त्यामुळं पाठांतराची भीती नाही. ज्यांना विसरायला होतं त्यांच्यासाठी तर हे फार चांगलं, आणि काही लोक आयुष्यभर अभिवाचनच करतात, तेही पूर्ण नाटकच आहे.

एक वाक्य घ्या आणि त्याच्या मागं लागा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सांगलीकराला पावसाळ्यात रोज ऐकू येणारं एक वाक्य घ्या. "पाणी किती फुटावर आलंय?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटाला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आता हेच वाक्य तीन माणसांच्या तोंडात घाला. पहिला विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो, चहा पिता पिता फोनवर विचारतोय. दुसरी बाई नदीकाठच्या घरात तळमजल्यावर आहे, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे आणि तिला आत्ता ठरवायचंय की गाडी बोलवायची का नाही. तिसरा दुकानदार आहे, २०१९ ला त्याचा सगळा माल भिजला होता आणि त्याला उत्तर ऐकायचंच नाहीये, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

शब्द चारच, तेही तेच. पण म्हणून बघा. पहिल्याचा आवाज सैल सुटतो, दुसरीचं 'किती'वर लक्ष असतं कारण आकड्यावर तिचा निर्णय अडकलाय, तिसरा बहुतेक वाक्य पूर्ण मोठ्यानं म्हणणारच नाही, शेवटी शेवटी आवाज खाली जाईल. आवाज कसा काढायचा हे इथं कुणी सांगितलं नाही. माणूस कुठं उभा आहे, त्याला काय हवंय आणि उत्तर मिळालं की तो काय करणार आहे, एवढं पक्कं झालं की आवाज त्याच्या मागनं येतो. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, आधी आवाज ठरवतो, चेहरा ठरवतो, मग त्यात वाक्य बसवतो, आणि ते खोटं वाटतं.

आता यात दुसरा माणूस आणा. त्यानं उत्तर द्यायचं, पण दर वेळी वेगळा आकडा सांगायचा, ३२, ३९, ४४. विचारणाऱ्यानं आकडा खरंच ऐकायचा आणि मगच पुढची हालचाल करायची. तयारी करून आलेला माणूस इथं लगेच सापडतो, कारण ४४ ऐकूनही तो ३२ सारखाच वागतो. हा खेळ लहान मुलांबरोबर खेळा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर खेळा. ज्यांनी २००५ आणि २०१९ चा पूर बघितलाय ती माणसं नुसतं 'हं' म्हणतात आणि बाकीच्यांना शिकायला मिळतं.

आवाज, आणि आपली बोली

रोज दहा मिनिटं पुरे. ताठ बसा, श्वास पोटापर्यंत घ्या, ओंकार लावा, मग कुठलाही उतारा घेऊन तो खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ऐकवायचा आहे असं समजून वाचा. ओरडायचं नाही. ओरडलं की घसा बसतो आणि मागच्या रांगेला तरीही कळत नाही. आपल्या मराठीत वाक्याचा अर्थ बऱ्याचदा शेवटच्या क्रियापदात असतो, आणि नवीन माणसाचा श्वास नेमका तिथंच संपतो, 'तो आलाच नाही' मधलं 'नाही' प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही, उलटाच अर्थ होऊन बसतो. म्हणून शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच भरलेला ठेवा.

आणि बोलीबद्दल लाजू नका. 'काय करालायस', 'आलोय की', 'हाय न्हवं' हे आपलं बोलणं आहे, आणि याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी आपल्या मातीतल्या बोलीच्या जोरावर लोकनाट्यं उभी केली. प्रमाण मराठी जिथं भूमिकेला लागतं तिथं ती शिकावी, न-ण, श-ष नीट करावेत, पण गावाकडच्या माणसाचं काम मिळालं आणि तुम्ही सदाशिव पेठेतलं बोलायला लागलात तर हातातला खजिना टाकून दिल्यासारखं आहे.

मनानं बोलायची सवय

१८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली सीता स्वयंवर हे नाटक केलं तेव्हा आजच्यासारखे लिहिलेले संवाद नव्हतेच. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून मनानं बोलायची. तमाशातली बतावणी, म्हणजे दोघातिघांची विनोदी जुगलबंदी, तशीच. कवलापूरच्या काळू-बाळूंची जोडी ज्यांनी बघितलीय त्यांना विचारा, समोरच्याच्या शब्दात शब्द अडकवून कसं पुढं जायचं हे.

घरी करायचं असेल तर सोपं आहे. दोघांनी उभं राहायचं, तिसऱ्यानं जागा आणि भांडण द्यायचं, म्हणजे एसटी स्टँड, एकच खिडकी सीट, दोघांनी रुमाल टाकलाय. नियम एकच, समोरचा जे बोलला ते खरं मानून पुढं जायचं. तो म्हणाला माझा पाय मोडलाय, तर 'कुठं मोडलाय, बरा दिसतोय की' म्हणून खेळ मोडायचा नाही, मोडलेल्या पायाचं काय करायचं ते बोलायचं. दोन-तीन मिनिटात थांबवा. विनोद झालाच पाहिजे असं काही नाही.

ग्रुप शोधताना

इतकं केलं की मग ग्रुपकडं जा. सांगली-मिरजेत हौशी ग्रुप बरेच आहेत, त्यांची यादी कुठं लावलेली नसते. स्पर्धेचं नाटक संपलं की मागच्या बाजूला जाऊन सरळ भेटा, नाटक आवडलं तर काय आवडलं ते सांगा, आणि म्हणा की मला तालमीला येऊन बसायचंय, पडेल ते काम करीन. असं म्हणणाऱ्या माणसाला सहसा कुणी नको म्हणत नाही. 'मला रोल द्या' म्हणणारे खूप असतात.

गेल्यावर आठवडाभर नुसतं बघा. तालीम वेळेवर सुरू होते का, दिग्दर्शक नव्या माणसावर ओरडतो का समजावतो, बायका आणि मुली रात्री घरी कशा जातात याची ग्रुप काळजी घेतो का. हे प्रश्न विचारायला संकोच करू नका, मुलांना पाठवणार असाल तर अजिबात नको. आणि एक कळकळीनं सांगतो, सिरियलमध्ये काम देतो म्हणून मोठी रक्कम आधी भरायला सांगणाऱ्या कुठल्याही क्लासपासून लांब राहा. शिबिराची फी असते, ती असावीच, शिकवणाऱ्याचं पोट आहे, पण 'रोलची गॅरंटी' असं कुणी म्हणालं की तिथनं उठायचं.

पहिलं काम मागच्या बाजूचं घ्या

नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा, प्रॉपर्टी, प्रॉम्प्टिंग. यातलं एक तरी काम एका नाटकाच्या पहिल्या वाचनापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत करा.

प्रॉपर्टीचं सांगतो. विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूला पडद्याआड, एक टेबल असतं. त्यावर पांढरा कागद चिकटवायचा आणि नाटकात लागणारी प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून भोवती पेननं रेघ मारायची, आत नाव लिहायचं. चष्मा, पत्र, कुंकवाचा करंडा, औषधाची बाटली. प्रयोग सुरू असताना कुठली जागा रिकामी आहे हे एका नजरेत कळतं, म्हणजे पत्र आत्ता स्टेजवर आहे, ते परत आलं नाही तर दुसऱ्या अंकात बोंब होणार. नटानं विंगेत आल्याबरोबर वस्तू त्याच्या जागेवर ठेवायची, खिशात घालून फिरायचं नाही. अंधारात खुर्ची नेमकी कुठं ठेवायची त्यासाठी जमिनीवर रेडियमच्या टेपचे तुकडे लावायचे. आमच्या ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका हे काम इतकं चोख करतात की ग्रुपमधली पोरं त्यांच्या टेबलाला हात लावायच्या आधी विचारतात. त्यांना अख्खं नाटक पाठ असतं, आणि एखादा नट ऐनवेळी आजारी पडला तर दिग्दर्शक पहिल्यांदा त्यांच्याकडंच बघतो.

नट विसरला तर आडून ओळ सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचं काम पण तसंच शिकवणारं आहे. नट विसरलाय का त्यानं मुद्दाम पॉज घेतलाय हे ओळखणं, याच्यासाठी त्याचा श्वास माहीत असावा लागतो.

पहिली एकांकिका करताना

अर्ध्या-पाऊण तासाची, तीन-चार पात्रांची, एकाच जागी घडणारी निवडा. तीन सेट आणि पाऊस दाखवायचा मोह टाळा. लेखकाची परवानगी आधी घ्या, लेखी घ्या, आणि मानधन ठरवून वेळेवर द्या. जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, ते आहे का ते लेखकालाच विचारा, नसेल तर अर्ज करायला वेळ हातात ठेवा. स्पर्धेच्या फॉर्मवर हे सगळं मागतात आणि शेवटच्या दिवशी पळापळ होते.

तालमीला महिना-सव्वा महिना धरा, रोज संध्याकाळी दीड-दोन तास. पहिला आठवडा बसून वाचन, मग उभं राहून हालचाली, पाठांतर साधारण अर्ध्या वाटेवर पूर्ण पाहिजे, कारण हातात कागद असेपर्यंत डोळे समोरच्याकडं जात नाहीत. शेवटचे काही दिवस सगळ्या वस्तू, कपडे, संगीत घेऊन, आणि रंगीत तालीम न थांबता. काही चुकलं तरी थांबायचं नाही, प्रयोगात कोण थांबवणार आहे? हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल नाटककार म्हणून मोठे होतेच, पण त्या काळच्या नटमंडळींत त्यांचं नाव तालीम मास्तर म्हणून होतं. शब्द कुठं तोडायचा, हात कधी उचलायचा हे ते बसवून घ्यायचे. हरिपूरला संगमावर भेळ खायला आपण जातोच, तेव्हा हे पोरांना सांगा.

लहान मुलं आणि मोठी माणसं

मुलांना मोठ्यांचे डायलॉग पाठ करायला लावून घेऊन टाळ्या मिळतात, पण मूल त्यात काही शिकत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत नुसते खेळ, आवाज, प्राणी, बाहुल्या. भावे स्वतः बाहुल्या करायचे, आणि त्या जुन्या बाहुल्या रामदास पाध्यांनी परत खेळत्या केल्या, तो धागा पकडून मोज्याची बाहुली करून बघा. लाजाळू मूल बाहुलीच्या तोंडून भरपूर बोलतं. दहाच्या पुढं बालनाट्य शिबिरं चांगली. शासनाची बालनाट्य स्पर्धा असते, दिव्यांग मुलांची वेगळी असते, तिथं जाऊन नुसतं बघितलं तरी आपली कल्पना किती तोकडी होती ते कळतं. बक्षिसाचं टेन्शन मात्र घरी आणू नका.

साठीच्या पुढच्यांना पाठांतराची भीती असते. उपाय असा की बसून घोकायचं नाही, हालचालीबरोबर पाठ करायचं. खिडकीपाशी गेलो की हे वाक्य, चष्मा काढला की ते. शरीराला जागा आठवते आणि शब्द त्याच्याबरोबर येतो. स्टेजच्या पायऱ्या किती आहेत, कठडा आहे का, विंगेत अंधार किती, हे आधीच बघून घ्या आणि दिग्दर्शकाला स्पष्ट सांगा की मला इथं हात द्यायला माणूस पाहिजे.

पुढं शिकायचं असेल तर

पदवी घेऊन शिकायचं असेल तर जवळ कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, तीन वर्षांचा कोर्स, पण तिथं पदवी, नाटकांचा अनुभव आणि वयाची अट असते, म्हणून तिकडं जायचं असणाऱ्यांनी कॉलेजात असल्यापासूनच ग्रुपमध्ये काम सुरू करावं. विद्यापीठाचा युवा महोत्सव त्यासाठी चांगला, एकांकिका, मूकनाट्य, नकला, सगळं करून बघता येतं.

बाकीच्यांसाठी वर्षाचा अंदाज असा धरा. मे महिन्यात मुलांची शिबिरं. जून-जुलैत ग्रुप नवीन संहिता शोधत, वाचत असतात, तेव्हा जाऊन भेटणं सगळ्यात चांगलं, कारण तेव्हा वाचायला माणसं हवी असतात. गणपतीनंतर तालमी जोरात असतात, तेव्हा नव्या माणसाकडं कुणाचं लक्ष नसतं, पण प्रॉपर्टीला हात नक्की कमी पडत असतात, तेव्हा थेट तेच विचारा. नोव्हेंबरपासून स्पर्धा, आणि जानेवारीपासून गावोगावच्या जत्रा-यात्रा, तिथं गावातलीच मंडळी नाटक बसवतात. तुमच्या गावात बसत असेल तर सांगलीला यायच्या आधी तिथंच तालमीला जाऊन बसा.